जुन्या ट्रकास मिस्त्री हवा

खानापूर तालुक्यातील गावांत ट्रक ही चैनीची वस्तू नव्हे. ती कुटुंबाची शेतीच म्हणावी. विटा, कौले, वाळू, जळाऊ लाकूड, आणि हंगामात ऊस, एवढ्या मालावर एकेका ट्रकाने दोन दोन पिढ्या पोसल्या आहेत. परंतु अलीकडे एक निराळीच अडचण घराघरांतून ऐकू येते. ट्रक आहे, भाडे आहे, हाकणारा आहे. मात्र तो बिघडला म्हणजे त्यास हात लावावयास मिस्त्री मिळत नाही. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबावर हाच प्रसंग आला, आणि त्यांच्यासमवेत आम्हीही दोन दिवस बेळगाव व कोल्हापूर पालथे घातले. त्या प्रवासात जे पाहिले ते वाचकांपुढे ठेवतो.

गाडी टाटांची, १६१३ या जातीची, १९९४ सालची. या आकड्यांचा अर्थ पुष्कळ मालकांनाही ठाऊक नसतो. सोळा टन एकूण वजन आणि सुमारे १३० अश्वशक्ती, म्हणून १६१३. तिच्या इंजिनास ६९७ म्हणतात. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. या घराण्याचे मूळ जर्मनीत आहे. टाटा कंपनीने १९५४ साली डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधावयास आरंभ केला. तो करार १९६९ साली संपला, तरी त्या इंजिनाची घडण आपल्या रस्त्यांवर पुढे कित्येक दशके टिकली. म्हणूनच आमचे वृद्ध ड्रायव्हर आजही टाटाच्या गाडीस ‘मर्सिडीज’ म्हणतात.

खानापुराहून मलप्रभेचे पात्र मागे टाकून निघालो, की पाऊण तासात बेळगावचे उद्योग दिसू लागतात. प्रथम आम्ही एका मोठ्या, स्वच्छ वर्कशॉपात गेलो. तेथील मंडळी अदबीने वागली. एका तरुण कारागिराने गाडीभोवती फेरी घातली आणि हसून म्हटले, “फादर, माझे यंत्र जोडावयाला हिच्यात जागाच नाही.” तो खोटे बोलत नव्हता. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाच्या गाड्या विकल्या जातात. त्यांत डिझेल किती व केव्हा सोडावयाचे हे संगणक ठरवितो, आणि दोष कोठे आहे हेही बहुधा तोच सांगतो. जुन्या गाडीत हे काम एक लोखंडी पंप करतो. त्यात सहा सिलिंडरांना सहा दट्ट्या असतात. प्रत्येक दट्ट्या नेमक्या क्षणी नेमके थेंब नोझलाकडे ढकलतो. तेथे दोष सांगणारा दिवा नाही. धुराचा रंग पाहावा, आवाज ऐकावा, पाइप हाताने चाचपावा आणि मग निदान करावे. काळा धूर दिसला तर डिझेल पुरते जळत नाही. निळा दिसला तर ऑईल जळत आहे. आमच्या गाडीचा धूर निळा होता.

तेथून ऑटोनगरात गेलो. येथे ट्रकांची रांग, वेल्डिंगच्या ठिणग्या, कमानपाटे ठोकणाऱ्यांचे घण, आणि चहाच्या पेल्यांची ये-जा. चार गॅरेजांत विचारले. चौघांनीही मान हलविली. पाचव्या ठिकाणी साठीच्या पुढचे एक मिस्त्री भेटले. त्यांनी ऑईलचे झाकण काढून इंजिन चालू करावयास सांगितले, आतून येणारी वाफ हातावर घेतली आणि म्हणाले, “रिंगा गेल्या. लायनरही गेले असतील. काम होईल, पण घाई करावयाची नाही.”

इतर लोक नाही का म्हणतात, असे आम्ही त्यांना विचारले. त्यांनी दिलेले उत्तर ट्रकमालकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नव्या गाडीचा नट अर्ध्या मिनिटात सुटतो. तीस वर्षांच्या गाडीचा गंजलेला नट अर्धा दिवस खातो, आणि तुटला म्हणजे तो ड्रिलने पोखरून काढावा लागतो. मालक मात्र पैसे एका नटाचेच देतो. शिवाय एक दुरुस्त केले की दुसरे उघडे पडते, आणि मालक म्हणतो, ‘तुम्हीच बिघडविले.’ यास्तव शहाणा मिस्त्री जुन्या गाडीपासून दूर राहतो. ही अनास्था आळसातून आलेली नाही; आपणच पुरते न दिलेल्या मजुरीतून ती आली आहे.

इंजिन खोलल्यावर क्रँक उद्यमबागेत न्यावा लागला. बेळगावच्या या भागात ओतकामाचे व लेथचे कारखाने दाटीने वसले आहेत. टर्नरने मायक्रोमीटर लावून जर्नल मापले. झिजलेला क्रँक टाकून द्यावा लागत नाही. तो पाव मिलिमीटर घासून गुळगुळीत करतात आणि त्या मानाने जाड बेअरिंग बसवितात. पुन्हा झिजला तर पुन्हा पाव मिलिमीटर. ही सोय इंजिन घडविणाऱ्यांनीच योजिली होती. तेव्हा दुरुस्ती हा यंत्राच्या आयुष्याचाच भाग मानला जाई.

पंपाचे कवच मात्र तडकले होते, आणि तसे दुसरे बेळगावात मिळेना. म्हणून दुसऱ्या दिवशी संकेश्वर, निपाणी करीत कोल्हापूर गाठले. शिवाजी उद्यमनगरात हिंडताना गुळाच्या गुऱ्हाळांसाठी इंजिने घडविणाऱ्या या शहराची परंपरा जागोजागी जाणवते. जुन्या मालाच्या एका दुकानात तसाच पंप मिळाला. दुकानदाराने तो पुसून, फिरवून, आमच्या हाती देताना म्हटले, “आता असे पंप मोडीच्या भावाने जातात. ओळखणारा आला म्हणजे बरे वाटते.”

मोडीचा विषय निघालाच आहे, तर तोही स्पष्ट करू. आठ वर्षांहून जुन्या ट्रकास दर वर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण केंद्र सरकारने २०२१ साली जाहीर केले, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या दाखल्यांचे शुल्क पुष्कळ वाढले. यामागील हेतू वाईट नाही. जुना ट्रक धूर ओकतो, आणि तो धूर आपलीच मुले श्वासात घेतात. ज्याचे ब्रेक धरत नाहीत अशी गाडी घाटात नेणे हा तर शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ होय. परंतु ज्याचे अवघे भांडवल ती एकच गाडी आहे, त्यास नवा ट्रक घ्या म्हणणे सोपे नाही. त्याला उत्तम मिस्त्री लाभणे, हाच धूर कमी करण्याचा आज त्याच्या हाती असलेला उपाय आहे.

तिसऱ्या आठवड्यात इंजिन सुरू झाले. धूर निवळला होता. हिशेब करताना मालकाने रिवाजाप्रमाणे घासाघीस आरंभिली. मिस्त्रींनी त्यांना थांबविले. “पैसे ठरले तेवढेच द्या, पण तुमच्याकडे एखादा मुलगा असेल तर वर्षभर माझ्याकडे ठेवा. माझे दोन्ही मुलगे पुण्यास आहेत. हा पंप लावणारा माझ्यामागे या रांगेत कोणी नाही.” मालक गप्प झाले. त्यांचा धाकटा तेथेच पान्हे पुसत उभा होता, आणि त्यास आखातात धाडण्याचे घरात ठरत आले होते. त्यांनी पूर्ण मजुरी मोजून दिली. मुलाविषयी मात्र ‘घरी विचारतो’ एवढेच म्हणाले. तो विचार अद्याप चालू आहे.

त्या घराने काय ठरवावे हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. तथापि ज्या घरी यंत्रात रमणारा मुलगा आहे, त्या घरास एवढे सांगावेसे वाटते की औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. तेथील प्रमाणपत्र आणि अशा एखाद्या वृद्ध मिस्त्रीच्या हाताखालचे एक वर्ष, एवढी शिदोरी ज्याच्याजवळ आहे त्याला संगणकाची गाडीही पुढे शिकता येईल. कारण आत डिझेल जळण्याची रीत दोहोंत एकच आहे. आणि ज्यांच्या दारी जुना ट्रक उभा आहे त्यांनी मिस्त्रीस नटामागे नव्हे, तर दिवसामागे मजुरी द्यावी. मग तो दार लावून घेणार नाही.