एकट्याने पहिला प्रवास करताना



बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या जाहीर होऊ लागल्या की शाळेत जुन्या विद्यार्थ्यांची ये-जा सुरू होते. कुणाला दाखल्याची दुसरी प्रत हवी असते, कुणाला कागदावर सही-शिक्का. काम झालं तरी काही जण दारातच घुटमळतात. मग हळूच विचारतात, "सर, पुण्याला जायचंय. एकटाच चाललोय. काय काय बघून जाऊ?"

आजचा हा लेख म्हणजे त्या दारातल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

'माझा पहिला प्रवास' हा निबंध तुम्ही कितीतरी वेळा लिहिला असेल. खिडकीतून मागे पळणारी झाडे, डोंगर, गार वारा वगैरे. खऱ्या प्रवासात झाडं पळतातच. पण कधी कधी आपली गाडीही आपल्याला सोडून पळते. माझी पळाली होती.

ही गोष्ट 1996 च्या जून महिन्यातली. मी नुकताच बारावी झालो होतो. पुण्याला प्रवेशासाठी सगळी मूळ कागदपत्रे घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजता हजर व्हायचं होतं. लातूरहून रात्रीची लाल गाडी पकडली. वडील स्टँडवर सोडायला आले होते. शेतातून थेट आलेले, धोतराला माती तशीच. खिडकीशी उभं राहून त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "कुठं अडलं तर विचार. देवानं तोंड दिलंय." मी मान हलवली. मनात म्हटलं, मी काय आता लहान आहे का?

टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. कंडक्टरने मोठ्याने सांगितलं, "दहा मिनिटं थांबेल." मी उतरलो. मुतारीपाशी रांग होती. नंतर तोंड धुतलं, वर एक चहा घेतला. घड्याळ माझ्याकडे नव्हतंच. परत आलो तर स्टँडवर चार लाल गाड्या उभ्या. पुण्याची पाटी बघून एकीत चढलो, तर माझ्या जागेवर दुसरंच कुणीतरी झोपलेलं. ती गाडी माझी नव्हती. माझी निघून गेली होती. वरच्या फळीवर माझी बॅग आणि बॅगेत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि तीनशे रुपये.

आता खरी चूक सांगतो. गाडी चुकली ही चूक नव्हे, ती कुणाचीही चुकते. मी तिथल्या एका खांबाला टेकून वीसेक मिनिटं नुसता उभा राहिलो. चहावाल्याने हाक मारून विचारलं, "काय रे पोरा, गाडी सुटली काय?" आणि मी म्हणालो, "नाही नाही, माझी यायचीय अजून."

का खोटं बोललो? लाज वाटली. लोक हसतील, गावाकडचा बावळट म्हणतील, असं वाटलं. सगळी कागदपत्रं पुण्याच्या दिशेने चालली होती आणि मी माझी अब्रू सांभाळत उभा होतो!

शेवटी डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा खिडकीतल्या कंट्रोलरकडे गेलो. त्यांनी शांतपणे तिकीट मागितलं. नशिबाने ते शर्टाच्या खिशात होतं. तिकीट पाहून त्यांनी वहीतली नोंद काढली, गाडीचा नंबर शोधला आणि इंदापूर स्टँडला फोन लावला. फोन ठेवून म्हणाले, "गाडी तिथं पोचतच असेल. बॅग उतरवून ठेवायला सांगितलंय. इतका वेळ कुठं होतास?" पुढच्या पुणे गाडीच्या कंडक्टरला त्यांनीच सांगून मला बसवून दिलं. इंदापूरला बॅग मिळाली, पण लगेच नाही. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, "आत काय काय आहे, सांग." मी एकेक कागद सांगितला. गुणपत्रिकेवरचं नाव जुळलं तेव्हा बॅग हातात आली. वर एक वाक्य ऐकवलं, "बॅगेवर नाव लिहीत जा रे."

सकाळी पुण्यात पोचलो, प्रवेश झाला. घरी मात्र काहीच सांगितलं नाही. नोकरी लागल्यावर, बऱ्याच वर्षांनी वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग विचारायला वीस मिनिटं का लागली?"

मित्रांनो, तुम्हाला प्रवासाबद्दल काही सांगायचं असेल तर मला पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटतं. एकटं जाणाऱ्याला चोराची भीती असते, वाट चुकण्याची असते. पण सगळ्यांत जास्त नुकसान लाजेने होतं. अडचण आली की पहिल्या पाच मिनिटांत तोंड उघडा.

पण विचारायचं कुणाला? इथे थोडी अक्कल लागते. जो त्या जागेशी बांधलेला आहे, त्याला विचारा. चौकशी खिडकीतला माणूस, गणवेशातले पोलीस, तिकीट तपासनीस, कंडक्टर, औषधाच्या दुकानातला दुकानदार, मुलाबाळांसह बसलेलं एखादं कुटुंब. यांना आपण शोधून विचारतो. याउलट, आपण न विचारता जो स्वतःहून जवळ येतो, "कुठं जायचंय? चल, मी सोडतो, इकडून जवळ पडतं," म्हणतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा. तो वाईटच असेल असं नाही, पण निवड तुमची हवी, त्याची नको. आणि "मी इथं पहिल्यांदाच आलोय" हे वाक्य अनोळखी माणसाला सांगत बसू नका. त्याऐवजी "स्टँडवर घ्यायला येतायत" म्हटलं की पुरे.

आता निघण्याआधीची तयारी. विद्यार्थ्यांच्या हातून वारंवार होणाऱ्या चुका मी पाहिल्या आहेत, म्हणून त्याच सांगतो.

पहिली चूक तारखेची. समजा, तुमच्या रेल्वेची वेळ 15 तारखेला 00.20 अशी आहे. ही गाडी 14 तारखेच्या रात्रीच गाठायची असते. रात्री बारा वाजले की तारीख बदलते हे गणितात सगळ्यांना येतं, पण प्रवासात विसरतं. माझा एक विद्यार्थी 15 च्या रात्री जेवून-खाऊन आरामात स्टेशनवर गेला. त्याची गाडी आदल्या रात्रीच गेली होती.

दुसरी चूक ठिकाणाची. मोठ्या शहरात स्टेशन एक नसतं. मुंबईत सीएसएमटी वेगळं, कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस वेगळं, मुंबई सेंट्रल वेगळं. पुण्यात स्वारगेट, शिवाजीनगर आणि पुणे स्टेशन असे वेगवेगळे स्टँड आहेत. तिकिटावरचं पूर्ण नाव वाचा आणि उतरल्यावर पुढे कसं जायचं ते घरीच कागदावर लिहून काढा.

तिसरी चूक तिकिटाची. वेटिंगचं तिकीट म्हणजे जागा नव्हे. ते घेऊन आरक्षित डब्यात बसता येत नाही. चार्ट लागल्यावर स्थिती पुन्हा बघा. सोबत मूळ ओळखपत्र ठेवा. तिकीट मिळालं म्हणजे तयारी झाली असं समजू नका.

कागदपत्रं आणि पैसे यांचा नियम सोपा आहे: सगळं एका ठिकाणी नको. मूळ कागदपत्रांची वेगळी पिशवी करा आणि ती फळीवर न ठेवता अंगाशी ठेवा. खाली उतरताना ती तुमच्यासोबत उतरली पाहिजे. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये आणि घरच्या कुणाकडे तरी असू द्या. पैसे तीन ठिकाणी विभागा. मोबाईलवरून पैसे देता येतात हे खरं, पण चार्जिंग संपलं की तेही संपतं. म्हणून थोडी रोख आणि सुटे पैसे हवेतच. दोन नंबर तोंडपाठ करा. आईचा नंबर तरी पाठ आहे का? वर्गात एकदा विचारलं होतं, निम्म्या मुलांनी मोबाईलसाठी खिशात हात घातला!

गाडीतून खाली उतरताना आधी गाडीचा नंबर बघा, कंडक्टरला सांगून जा. हे मी टेंभुर्णीला शिकलो. रात्री उतरायचं असेल तर मोबाईलमध्ये गजर लावा. अनोळखी माणसाने दिलेलं खाणं-पिणं टाळा. नाही म्हणणं जड जात असेल तर "आज उपास आहे" म्हणा, पुढे कुणी आग्रह करत नाही. आणि शक्यतो अशी गाडी निवडा, जी नव्या गावात उजेडी पोचवेल. पहाटे तीनला पोचलातच तर बाहेर भटकू नका. उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसा. रेल्वेत अडचण आली तर 139 आणि कुठेही संकट आलं तर 112 हे क्रमांक लक्षात ठेवा.

आता मुलींसाठी, आणि खरं तर मुलींच्या पालकांसाठी. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी दूरच्या शहरात जायचं होतं. वडिलांना त्या आठवड्यात रजा मिळेना. ते म्हणाले, "एकटी नको. पुढच्या वर्षी बघू." ती रडत शाळेत आली. मी तिला म्हटलं, "रडू नको. एक कागद घे." तिने पूर्ण प्रवास लिहून काढला. कोणती गाडी, कुठे किती वाजता, उतरल्यावर महिला प्रतीक्षालय कुठे, कॉलेजपर्यंत कोणती बस, मुक्काम कोणत्या ओळखीच्या घरी, कोणकोणत्या वेळी घरी फोन करणार. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला. मग कागदाची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "एक कागद माझ्याकडं राहू दे. तुझ्यासाठी दुसरा लिही."

ती गेली. ठरलेल्या प्रत्येक वेळी तिचा फोन आला, फक्त एकदा चाळीस मिनिटं उशिरा. ती चाळीस मिनिटं तिच्या वडिलांनी अंगणात येरझाऱ्या घालत काढली. आज ती स्टाफ नर्स आहे. म्हणून मुलांनो, "पोचलो" एवढा एक शब्द कळवायला कंटाळा करू नका. तुम्हाला तो क्षुल्लक वाटतो, घरच्यांची रात्र त्यावर अवलंबून असते.

आणि पालकहो, 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. तिकीट निम्मं झालं, आता भीतीही थोडी निम्मी करूया. मुलीला थांबवण्याऐवजी तिच्यासोबत बसून असा एक कागद लिहा.

मित्रांनो, तुम्ही निघाल तेव्हा कुणीतरी खिडकीशी येऊन सूचना देईलच. दहा वेळा सांगितलेलं अकराव्यांदा सांगेल. तेव्हा माझ्यासारखी नुसती मान हलवू नका, नीट ऐका. बॅगेवर नाव लिहा, कागदपत्रं अंगाशी ठेवा आणि कुठे अडलं तर विचारा.

वीस मिनिटं वाया घालवू नका.

शुभ प्रवास!