ब्रेगेन्झरवाल्डचा दस्तरखान

ऑस्ट्रिया म्हटले की आपल्याला व्हिएन्ना आठवते. पण देशाच्या अगदी पश्चिम टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत, फोरार्लबर्ग नावाचा छोटा प्रांत आहे. तिथल्या ब्रेगेन्झरवाल्ड या डोंगराळ मुलुखात आम्ही जूनच्या सुरुवातीला चार दिवस काढले. नणंदेचे कुटुंब म्युनिकला असते. त्यांच्यासोबत आम्ही उभयता, मुले आणि सासूबाई. ब्रेगेन्झपर्यंत रेल्वे, पुढे बस. निघण्याआधी घरात एकच चर्चा होती : तिथे खायचे काय?

जर्मन भाषेत ‘गास्ट’ म्हणजे पाहुणा आणि ‘गास्टहाउस’ म्हणजे पाहुण्यांचे घर. आपल्या जुन्या सरायसारखेच; खाली जेवण, वर मुक्काम. नावे मोठी गमतीची. हिर्शन म्हणजे हरिण, आडलर म्हणजे गरुड, क्रोने म्हणजे मुकुट. दारावर टांगलेल्या पाटीवर त्याचेच चित्र, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या मुसाफिरालाही जागा सापडावी. शिक्षिका असल्यामुळे मला ही युक्ती फार आवडली. श्वार्झनबर्ग गावातले हिर्शन तर अठराव्या शतकातले आहे. अशा घरांतील मुख्य खोलीला ‘श्टूबे’ म्हणतात. भिंती, छत, बाके सारे लाकडाचे आणि कोपऱ्यात उबेसाठी चकाकत्या फरश्यांची भट्टी. आत शिरताच ‘ग्र्यूस गॉट’ असे स्वागत होते. त्यात देवाचे नाव आहे, हे कळल्यावर मुले बिनदिक्कत ‘सलाम’ म्हणू लागली.

इथल्या जेवणाची किल्ली गाईंच्या पायांत आहे. हिवाळाभर गाई खोऱ्यातल्या गोठ्यात असतात. उन्हाळा लागला की त्यांना मधल्या उंचीवरच्या कुरणात नेतात, जुलैच्या सुमारास थेट वरच्या डोंगरावर, आणि शरदात त्याच वाटेने खाली. माणसेही त्यांच्यासोबत घर बदलतात. जनावरांना आंबवलेला चारा देत नाहीत. ताजे गवत आणि वाळलेला चारा, एवढेच. त्या दुधाचे ‘बेर्गकेझ’ हे घट्ट चीज महिनोन्‌महिने तळघरात मुरते. उन्हाळ्यात गुरांना काही इजा झाली नाही, तर सप्टेंबरात त्यांना फुलांनी सजवून गावात आणतात.

याच चीजचा तिथला घरगुती पदार्थ म्हणजे ‘केझक्न्योप्फ्ले’. मैदा आणि अंड्यांचे सैल पीठ किसणीसारख्या साच्यातून उकळत्या पाण्यात पाडायचे, त्या बुटक्या गोळ्यांत किसलेले चीज थरांनी मिसळायचे आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा. तो कांदा म्हणजे आपल्या बिर्याणीवरचा बिरिस्ताच! लाकडी भांड्यात वाढतात, सोबत बटाट्याची कोशिंबीर किंवा सफरचंदाचा गोड गर. बटाट्याच्या कोशिंबिरीत बहुधा मांसाचा रस्सा असतो, म्हणून आम्ही सफरचंद घेतले.

मुलांनी ताट चाटून पुसले. सासूबाईंनी मात्र काटा उचललाच नाही.

“बेटा, हे दूध जमवतात कशाने?”

सकाळीच एका डेअरीत मी विचारले होते. वासराच्या जठरातल्या रेनेटने, हे उत्तर मिळाले होते. मी मराठवाड्यातली, हनफी. अम्मी रत्नागिरीच्या, शाफई. इमाम अबू हनीफांच्या मते असे रेनेट पाक आहे. इमाम शाफईंच्या मते जबह न केलेल्या जनावराचे रेनेट नापाक.

“तुम्ही खा,” अम्मी म्हणाल्या, “मला दुसरे काही मिळते का बघ.”

नणंदेने यजमानीणबाईंना समजावले. त्या आत गेल्या आणि लोण्यावर परतलेला मक्याचा आणि रव्याचा मोकळा ‘रीबेल’ घेऊन आल्या. एकेकाळी ही गरिबांची न्याहारी. अम्मींनी घास घेतला आणि म्हणाल्या, “हा तर आपला सांजा!” पुढचे तीन दिवस त्यांनी तोच मागितला.

गंमत अशी की हाच रीबेल इथल्या महागड्या उपाहारगृहांतही दिसतो. गो-मियो मार्गदर्शिका ऑस्ट्रियातल्या स्वयंपाक्यांना ‘टोप्या’ देऊन क्रमवारी लावते, आणि २०२५पासून मिशेलिनची मार्गदर्शिकाही पुन्हा संपूर्ण ऑस्ट्रिया पाहू लागली आहे. या खेड्यांत टोपी मिळवलेली जुनी गास्टहाउसे आहेत. एका संध्याकाळी आम्ही तसे पाच पदार्थांचे जेवण घेतले. आठवडाभर आधी कळवले होते : डुक्कर नाही, मांस नाही, जिलेटिन नाही, शिजवतानाही दारू नाही, मासा चालेल. तळ्यातला मासा, रानातल्या वनस्पती, शेवटी चीजचे पाणी तासन्‌तास आटवून केलेला तपकिरी, गोड ‘सिग’. शराब मांडलेल्या टेबलावर बसायचे नाही हे आमचे ठरले होते. त्यांनी आम्हाला वेगळी श्टूबे दिली. चव नाजूक होती, वाढण्यात अदब होती. पण मला विचाराल, तर त्या बिलात साधी गास्टहाउसची दुपार पाच वेळा आली असती, आणि पोट जास्त भरले असते.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. मेनूवर पदार्थापुढे ए, जी, एल अशी अक्षरे असतात. ती ॲलर्जीची आहेत. डुक्कर किंवा दारू त्यांत येत नाही. तोंडाने विचारावेच लागते. आणि दुपारच्या जेवणाची वेळ टळली की स्वयंपाकघर बंद होते, आठवड्यातून एखादा दिवस तर अख्खे गास्टहाउस.

या खोऱ्यातली जुनी घरे लाकडाच्या लहान खवल्यांनी मढवलेली असतात. ऊन-पावसाने त्यांचा रंग चांदीसारखा होतो. परतताना त्याच खवल्यांसाठी आम्ही ऱ्हाइनच्या खोऱ्यातल्या आल्टाख गावी उतरलो. १९६४च्या करारानंतर तुर्कस्तानातून जे मजूर ऑस्ट्रियात आले, त्यांना ‘गास्टआर्बायटर’, पाहुणे कामगार, म्हणत. फोरार्लबर्गच्या कापडगिरण्यांत त्यांनी आयुष्य काढले, आणि इंतकालानंतर अनेकांची मय्यत विमानाने मायदेशी जायची. २०१२मध्ये आल्टाखला मुस्लिम कब्रस्तान झाले. त्याचे वास्तुविशारद बेर्नार्डो बाडर ब्रेगेन्झरवाल्डमधल्या क्रुमबाखचे. २०१३मध्ये या कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. नमाजाच्या खोलीत किब्ल्याच्या बाजूला धातूच्या जाळीचा पडदा आहे. बोस्नियात जन्मलेल्या कलावती आज्रा आकशामिया यांनी त्यावर तेच लाकडी खवले गुंफून ‘अल्लाह’ आणि ‘मुहम्मद’ ही नावे उमटवली आहेत. आम्ही फातिहा पढलो. अम्मी मात्र पडद्याजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि मग आमची गाडी निघायची वेळ झाली.