एक दात कमी

मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडून चिंचोटीला आत वळलं की भिवंडीचा रस्ता कामण गावावरून जातो. या रस्त्यावर राज्य आहे ते भिवंडीच्या गोदामांकडे निघालेल्या कंटेनर-ट्रेलरांचं. पावसाळ्यात डांबर वाहून जातं, खड्ड्यांत खडी आणि पेव्हर ब्लॉक येऊन पडतात, आणि उन्हाळ्यात त्याच सगळ्याची धूळ होऊन ती नाकातोंडात जाते. याच रस्त्याला दोन्ही हातांना मुरमाच्या वाटा फुटतात. काही पाड्यांकडे, काही कामण रोड स्टेशनच्या रुळांकडे, काही तुंगारेश्वरच्या डोंगरपायथ्याकडे जातात. रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणारी मोटारसायकल इतरांना कदाचित हौस वाटेल. कामणमध्ये सकाळी कामाला निघालेल्या माणसाची गाडी अर्ध्या तासात दोन्ही प्रकारची जमीन पाहून येते.

अशी गाडी सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल हे भारतात फार उशिरा घडलं. २०११ साली हिरोने १५० सीसीची इम्पल्स आणली. उंच, हलकी, १३४ किलोची ही गाडी काळाच्या थोडी आधी आली आणि फारशी खपली नाही. मग मे २०१९ मध्ये हिरोचीच एक्सपल्स २०० आली. कार्ब्युरेटरवाल्या गाडीची शोरूम किंमत दिल्लीत ९७ हजार रुपये होती. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची तारांचं चाक, पुढच्या शॉकअपला १९० आणि मागच्याला १७० मिलिमीटरची चाल, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर. एवढ्या पैशात हे सगळं देणारी दुसरी गाडी तेव्हा बाजारात नव्हती. प्रस्तुत लेखकाची गाडी याच घराण्यातली, धुराच्या बीएस-६ नियमांच्या पिढीची आहे, आणि पुढे जे लिहिलं आहे ते तिच्या चेनला ग्रीस लावता लावता शिकलेलं आहे.

स्वस्त गाडी घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात क्रॅश गार्ड घेतो, दुसऱ्यात जादा दिवे, तिसऱ्यात सायलेन्सरकडे बघू लागतो. पैसे उडतात आणि चढावर गाडी आधी जशी गुदमरत होती तशीच गुदमरते. खरा बदल चेनच्या पुढच्या टोकाला, डाव्या पायाजवळच्या छोट्या कव्हरच्या आत आहे. तिथल्या स्प्रॉकेटला १३ दात आहेत. मागे बीएस-४ च्या गाडीला ३९ होते, बीएस-६ मध्ये कंपनीने ते ४० केले. धूर कमी करताना गेलेली थोडी ओढ परत मिळवायला कंपनीनेसुद्धा आधार घेतला तो दाताचाच.

गणित सोपं आहे. ४० भागिले १३ म्हणजे ३.०८. इंजिनाकडचं स्प्रॉकेट ३.०८ वेळा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. पुढे १३ ऐवजी १२ दात बसवले की हा आकडा ३.३३ होतो, म्हणजे ८ टक्क्यांहून थोडा जास्त. तेवढाच फरक मागून आणायचा तर ४० चे ४३ पेक्षा जास्त दात करावे लागतील, आणि मागचं मोठं स्प्रॉकेट महाग. पुढचं काही शे रुपयांत येतं. इंजिनाची ताकद यातून तसूभरही वाढत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. वाढते ती चाकापर्यंत पोचणारी ओढ. बीएस-६ च्या दोन व्हॉल्व्ह इंजिनाचा टॉर्क १६.४५ न्यूटन मीटर आहे. एक दात कमी केला की चाकाला तो जणू १७.८ चा वाटतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या चार व्हॉल्व्हच्या नव्या इंजिनाचा टॉर्क १७.३५ आहे. त्या गाडीच्या गिअरांचं प्रमाण वेगळं असल्याने थेट तुलना करू नये, पण काही शे रुपयांत काय मिळतं याचा अंदाज यावरून यावा.

हे काही आजचं शहाणपण नाही. साधारण १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बॉइसी शहरातल्या होंडाच्या एका विक्रेत्याने होंडाच्याच 'कब' या साध्या ५० सीसीच्या गाडीला मागे मोठं स्प्रॉकेट आणि काट्याचे टायर लावून ती शिकाऱ्यांना आणि डोंगरात हिंडणाऱ्यांना विकायला सुरुवात केली. त्याचा खप पाहून कंपनी चकित झाली आणि तिने तशीच गाडी कारखान्यातून काढली. त्या ट्रेल गाड्यांच्या मागच्या चाकाला दोन स्प्रॉकेट होती. रस्त्यासाठी लहान आणि डोंगरासाठी मोठं. डोंगराच्या पायथ्याला थांबायचं, चेनला एक जादा तुकडा जोडायचा आणि ती मोठ्या स्प्रॉकेटवर चढवायची. कच्च्या वाटेच्या मोटारसायकलीचा इतिहास सांगताना लोक यामाहाच्या १९६८ च्या डीटी-१ पासून सुरुवात करतात, किंवा १९७९ ची पहिली पॅरिस-डाकार रॅली जिंकणाऱ्या एक्सटी ५०० पासून. प्रस्तुत लेखकाला सुरुवात या ५० सीसीच्या गाडीतच दिसते. इंजिन होतं तेवढंच ठेवून वाटेप्रमाणे दात बदलणं हीच तिची कल्पना होती.

आठ टक्क्यांनी असं काय होतं, असा प्रश्न नेहमी येतो. उत्तर चढावर मिळतं. पाड्याकडे चढणारी वाट घ्या. बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, मधे उंचवटा, त्यावर सुटे दगड. तिथे गाडी चालत्या माणसाच्या जवळपास वेगाने न्यावी लागते. पहिला गिअर जरा उंच असला की इंजिन धक्के देऊ लागतं, म्हणून स्वार क्लच अर्धा दाबून ठेवतो. दोन-तीन चढ असे काढले की क्लच प्लेट जळाल्याचा वास येतो. १३ दातांवर जी गाडी ताशी १० किलोमीटरला धक्के न देता सरकते, ती १२ वर सव्वानऊच्या आसपास सरकेल. कागदावर हा फरक क्षुल्लक आहे. पण दगडावरून चाक उतरवताना क्लच पूर्ण सोडून फक्त मुठीवर गाडी धरता येणं आणि न येणं, यांच्या मधे नेमका हाच फरक असतो. उतारावरही तेच. पहिल्या गिअरवर इंजिन गाडीला जास्त धरून ठेवतं, ओल्या लाल मातीवर पुढच्या ब्रेकला हात कमी लावावा लागतो. कच्च्या वाटेवरची कुशलता वेगात फार थोडी आणि हळू चालण्यात पुष्कळ आहे.

किंमत अर्थात मोजावी लागते, आणि ती महामार्गावर. जिथे इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर चाललं असतं, तिथे त्याच वेगाला ते जवळपास ६,००० वर चालतं. वसई फाट्यापासून विरारपर्यंत ट्रकांच्या रांगेबरोबर जाताना पेगमधून पायाला मुंग्या येतात, पेट्रोल थोडं जास्त जातं. म्हणून लांब पल्ल्याला निघणारे काही जण उलट १४ दातांचं बसवतात. फेऱ्या सात टक्क्यांनी उतरतात, गाडी शांत होते. पण या इंजिनात पाचच गिअर आणि अठरा-एकोणीस हॉर्सपॉवर. १४ वर पाचवा गिअर जरा चढ आला, समोरून वारा आला की टिकत नाही, आणि चौथ्यात उतरल्यावर वाचवलेल्या फेऱ्या परत येतात. कामणच्या माणसाने १४ च्या नादी लागू नये.

बसवताना दोन-तीन गोष्टी जपायच्या. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचं स्प्रॉकेट एका पातळ लॉक प्लेटने आणि दोन बोल्टांनी धरलेलं असतं. चेन ढिली करायला मागचं चाक पुढे घ्यायचं आणि नवं बसवल्यावर मागे ओढायचं. एका दाताच्या फरकाला एक्सल तीन-चार मिलिमीटरच मागे जातो, त्यामुळे चेन तोडावी लागत नाही. ढिलाई मोजताना मात्र गाडी स्टँडवर असून भागत नाही. लांब चालीच्या शॉकअपवर माणूस बसला की स्विंगआर्म वर सरकतो आणि चेन ताणत जाते. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की ती सगळ्यात जास्त ताठ होते. म्हणून कुणाला तरी सीटवर बसवून चेनला बोट लावून बघावं. स्टँडवर घट्ट वाटणारी चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसते.

आणि १२ दात १३ पेक्षा लवकर झिजतात, हेही खरं. लहान वर्तुळावर चेनची प्रत्येक कडी जास्त वाकते आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीलाही जास्त घासते. त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. चेनच्या कड्या नेहमी समसंख्येत असतात, एक आतली, एक बाहेरची. १३ या विषम आकड्यामुळे प्रत्येक दाताला आलटून पालटून दोन्ही प्रकारच्या कड्या भेटतात आणि झीज सारखी वाटली जाते. १२ वर तोच दात कायम त्याच प्रकारच्या कडीला भिडतो. काही कंपन्या पुढे विषम दात ठेवतात, त्यामागे हे एक कारण आहे. जूनमध्ये १२ लावून दिवाळीनंतर १३ लावणाऱ्याला ही झीज सोसते. वर्षभर १२ वर चालवणाऱ्याने चेन-स्प्रॉकेटचा खर्च आधीच धरून ठेवावा.

दातांनंतर टायर. बटण टायर लावले की चिखलात पकड येते आणि ओल्या काँक्रीटवर जाते, आणि कामणहून वसई स्टेशन गाठायला काँक्रीट टाळता येत नाही. मधल्या काट्याचा टायर ठेवून कच्च्या वाटेवर हवा चार-पाच पौंड कमी करणं हा चांगला मध्यममार्ग आहे. चाक तारांचं, आत ट्यूब. हवा फार उतरवली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. म्हणून पायाने मारायचा पंप सीटखाली असावा आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरावी.

शॉकअप बदलण्याआधी आहे तो नीट जुळवून पाहावा. स्वार सीटवर बसल्यावर मागची बाजू एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश बसली पाहिजे. १७० मिलिमीटरच्या चालीत ते पंचावन्न-साठ होतात. हलक्या माणसाला ती कमी बसते, सामान लादलं की जास्त. प्रीलोडची रिंग फिरवायला पाना आणि दहा मिनिटं लागतात, तरी फार थोडे लोक ती फिरवतात. हँडल उभ्याने हातात यावं एवढं पुढे-मागे करावं, पेगवरचं रबर पावसाळ्यात काढावं. कामणच्या धुळीत एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या खूप आधी उघडून पाहावा. ट्रेलरच्या मागे रोज अर्धा तास चालणारी गाडी पुस्तकातल्या सरासरी गाडीपेक्षा कितीतरी जास्त माती गिळते.

इंजिनाला हात लावू नये. इम्पल्सचं १५० सीसी कमी पडतं म्हणून काही हौशी लोकांनी तिच्यात हिरोच्याच करिझ्मा या मोठ्या गाडीचं २२३ सीसीचं इंजिन बसवलं होतं. कारागिरी म्हणून ते कौतुकाचं आहे, पण नोंदणीपत्रावर इंजिनाचा नंबर असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला आहे. स्प्रॉकेटचे दात त्या तपशिलात येत नाहीत. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मात्र कायद्यातही बसत नाही आणि गावातही.

कामणच्या वाटांवर कायद्याची आणि गावाची ही मर्यादा जास्तच लागू पडते. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि परवानगी असली तरी पायवाटेवर काट्याचा टायर फिरवण्याचं कसलंच समर्थन होत नाही. एका पावसात चाकाने केलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते. पाड्यांकडच्या वाटा पाण्याची कळशी आणि लाकडाची मोळी घेऊन चालणाऱ्यांच्या आहेत. तिथे गाडी हळू न्यावी, माणूस किंवा गुरं दिसली तर थांबावं, इंजिन बंद करावं. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीत काही बदल करायचा विचार असेल, तर दिव्यांच्या आणि सायलेन्सरच्या दुकानाआधी ओळखीच्या मिस्त्रीकडे जा, त्याच्याकडून १२ दातांचं स्प्रॉकेट बसवून घ्या, आणि काढलेलं १३ चं तेल लावून जपून ठेवा. नोव्हेंबरात ते परत लागेल.