दीड जीबीतला डॉकर

आमच्या पालघरात हल्ली कंटेनर म्हटलं की एकच विषय निघतो. वाढवण. ३० ऑगस्ट २०२४ ला बंदराची पायाभरणी इथेच झाली, आणि तेव्हापासून चहाच्या टपरीवर आणि लग्नाच्या पंगतीत लोक त्यावर हिरीरीने बोलत असतात. (किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे आणि तो गप्पांचा नाही, पोटाचा आहे. तो विषय असा शनिवारी दुपारी उरकण्यासारखा नाही.) तर समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांना मी सांगितलं, सध्या कंटेनरचं काम चाललंय. काका खूश. "अरे वा, वाढवणला लागलास वाटतं!"

नाही हो काका. आमचे कंटेनर लॅपटॉपमध्ये मावतात. मावायला हवेत, निदान. तेच सांगायला बसलोय.

पण नाव उगाच पडलेलं नाही. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्या उद्योजकाचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, ती या धंद्याची सुरुवात मानतात. लोखंडाची पेटी काय, कोणीही बनवेल. खरी गोष्ट ही की पेटीचे कोपरे कसे असावेत, क्रेनने ते कुठे धरावेत, हे पुढे सगळ्यांनी मिळून ठरवलं. २०१३ मध्ये डॉकर आला तेव्हा त्याने हीच कल्पना उचलली. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका पेटीत भरा आणि पेटी कुठेही चालवा. आता पेटी तयार मिळते हो, पण कोपरे प्रत्येक टीमला स्वतःचे ठरवावे लागतात. म्हणजे त्या स्क्रिप्ट्स. डेटाबेस उभा करणारी, खोटा डेटा भरणारी, टेस्ट चालवणारी. एका फोल्डरमध्ये, सगळ्यांसाठी एकच.

आमची टीम पाच जणांची. बोईसर स्टेशनजवळ दोन खोल्यांचं ऑफिस. तारापूर एमआयडीसीतल्या छोट्या केमिकल युनिट्ससाठी सॉफ्टवेअर करतो. वजनकाट्यावरून आकडा घ्यायचा, बॅचच्या पत्रकात भरायचा, पाळी संपली की रिपोर्ट काढायचा. झकपक काही नाही. आमचा सीनियर पुण्याला बसतो, फार हुशार माणूस, आणि सगळ्या स्क्रिप्ट्स त्यानेच लिहिलेल्या. 'मेक टेस्ट' टाईप करा, एंटर मारा, चहा घेऊन या, हिरवं! त्याच्या मॅकवर.

मग आमच्याकडे एक नवी मुलगी लागली. वाणगावची, नुकतीच बीएस्सी आयटी झालेली. लॅपटॉप कॉलेजच्या वेळचा, विंडोजचा, ८ जीबी मेमरी. नेमकी त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत खोदकाम होऊन ऑफिसची इंटरनेट लाईन तुटली. म्हणजे मोबाईलचं हॉटस्पॉट. दिवसाला दीड जीबी.

आणि आमच्या इमेजेस मिळून सव्वादोन जीबी.

आता तुम्ही म्हणाल, दोन दिवसांत उतरवायच्या, त्यात काय. डॉकरची इमेज थरांची असते, पूर्ण उतरलेला थर जपून राहतो, हे खरंच. पण अर्धवट राहिलेला थर बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आमच्या इमेजमध्ये एकच थर जवळजवळ ९०० एमबीचा होता, कारण सगळी पॅकेजेस एका दमात भरलेली. रेंज गेली की तो थर गेला. वाणगावला रेंज जाते हो. त्यात २०२० च्या नोव्हेंबरपासून डॉकर हबने लॉगिन न करता इमेजेस ओढणाऱ्यांवर आयपी पत्त्यानुसार मर्यादा घातली. मोबाईल नेटवर एकाच बाहेरच्या पत्त्यामागे शेकडो लोक असू शकतात, त्यामुळे तिने काहीही न करता "मर्यादा संपली" असा निरोप यायचा.

कसंबसं सगळं उतरलं. मग स्क्रिप्ट चालेना. विंडोजवर गिटने ओळींच्या शेवटी आपलं ते ज्यादाचं अक्षर घुसवलं होतं, आणि लिनक्स म्हणतो असा इंटरप्रिटर मला माहीत नाही. ते सुटलं, तर 'एक्झेक फॉरमॅट एरर'. इमेज मॅकच्या आर्म चिपसाठी बनलेली, हिचा प्रोसेसर इंटेलचा. तेही सुटलं, तर पाच सर्व्हिसेस एकदम उठल्या आणि ब्राउझरची टेस्ट मधेच मेली. कोड १३७. मेमरी संपली, मारून टाकलं. विंडोजमधल्या लिनक्सला मुळात निम्मीच मेमरी मिळते. ८ ची निम्मी ४. त्यात डेटाबेस, रांग, अ‍ॅप, ब्राउझर, आणि वर एक छानसे आलेख दाखवणारा डॅशबोर्ड (तो कोणीही कधीही उघडत नाही, पण असो).

गुरुवारी संध्याकाळी ती बोईसर स्टेशनवर डहाणू लोकलची वाट बघत होती, मी पालघरच्या गाडीची. म्हणाली, "सर, मला नाही वाटत मला हे जमेल. मामांच्या कंपनीत स्टोअरला जागा आहे, ते सोमवारी ये म्हणतायत."

चार दिवसांत तिने आमच्या प्रोग्रामची एक ओळही पाहिली नव्हती. जे जमत नव्हतं ते प्रोग्रामिंग नव्हतंच. पण तिला ते कसं कळणार? हातात पहिली नोकरी आणि समोर लाल अक्षरं. माणूस स्वतःलाच ढ समजणार ना.

मी विचारलं, काय काय एरर आले ते आठवतंय? तिने सॅकमधून वही काढली. तारीख, वेळ, एरर जसाच्या तसा, खाली "हे करून पाहिलं". चार पानं. मला तर वाटतं इतका नेमका बग रिपोर्ट आमच्या ऑफिसात आजवर कोणी लिहिला नसेल. म्हटलं, सोमवारपर्यंत थांब.

शुक्रवारी पुण्याला फोन. सीनियरचं म्हणणं सरळ होतं, "अरे तिला नवा लॅपटॉप घेऊन द्या ना. चाळीस हजारांसाठी आपण सगळ्या स्क्रिप्ट्स उलटसुलट करायच्या?" हे मत चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. माणसाचा एक आठवडा लॅपटॉपपेक्षा महाग असतो. पण मी विचारलं, आपलं सॉफ्टवेअर शेवटी चालणार कुठे? क्लायंटच्या प्लँटमध्ये, स्टोअरच्या बाजूच्या खोलीत, एका जुन्या पीसीवर. ८ जीबी मेमरी, इंटेल प्रोसेसर, इंटरनेट नाही. म्हणजे आमच्या अख्ख्या टीममध्ये क्लायंटच्या मशीनशी सगळ्यात जास्त जुळणारं मशीन कुठलं? वाणगावचं. फोनवर थोडा वेळ शांतता, आणि मग "ओके, पाठव ती वही."

पण खरी गंमत पुढे आहे.

तिचा डेटा रात्री १२ ला नव्याने सुरू व्हायचा. त्यामुळे ती बिचारी १२ नंतर डाउनलोड लावायची आणि एकच्या सुमाराला टेस्ट चालवायची. वहीच्या शेवटच्या पानावर एक एरर होता तो मशीनचा नव्हता. पाळीच्या रिपोर्टवर आजची तारीख हवी, कालची आली. आमच्या कोणाकडे ही टेस्ट कधी पडली नव्हती, कारण आम्ही सगळे सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळात टेस्ट चालवणारे. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर, लॅपटॉपचं भारतीय वेळेवर. रात्री १२ पासून पहाटे साडेपाचपर्यंत पेटीच्या आत अजून काल असतो! आणि तारापूरच्या कारखान्यात तिसरी पाळी रात्री ११ ते सकाळी ७.

आम्ही टाइमझोन बदलणारच होतो, एक ओळीचं काम. म्हटलं आधी प्लँटमध्ये विचारून घेऊ. सुपरवायझर काकांना फोन लावला. ते म्हणाले, "तिसऱ्या पाळीला आम्ही आदल्याच दिवसाची तारीख धरतो. आमचा दिवस सकाळी सातला उगवतो."

घ्या! म्हणजे साडेपाचपर्यंत आमचा प्रोग्राम निव्वळ योगायोगाने बरोबर होता, आणि टेस्ट चूक होती. साडेपाच ते सात या दीड तासात मात्र तोच प्रोग्राम चुकत होता. टाइमझोन बदलला असता तर टेस्ट हिरवी झाली असती आणि रिपोर्ट रात्री १२ पासूनच चुकला असता. बॅचच्या पत्रकावर मात्र खरी तारीख आणि खरी वेळच लागते, तिथे हा सातचा हिशेब चालत नाही. एकाच पेटीत दोन दिवस सांभाळायचे.

मग आम्ही टेस्टला घड्याळ बाहेरून द्यायला सुरुवात केली. ११:३०, १२:१०, पहाटे ५:२९, ५:३१, ६:५९, ७:०१. कोणीही कधीही चालवा, तेच उत्तर.

बाकीचं फार नवलाचं नाही. जड पॅकेजेस वेगळ्या थरांत, रोज बदलणारा कोड सगळ्यात वर. इमेज दोन्ही प्रोसेसरसाठी बनते. रोजच्या टेस्टला फक्त डेटाबेस आणि अ‍ॅप उठतात, ब्राउझर मागितला तरच. ओळींच्या शेवटांचा नियम गिटच्या फाईलमध्येच लिहिला. ऑफिसातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर आमची स्वतःची रजिस्ट्री आहे, आणि ज्याला नेट नाही त्याला इमेज पेनड्राइव्हवर मिळते. आता पूर्ण सामान साडेसातशे एमबी. दीड जीबीत मावून वर रात्री एखादा सिनेमा बघता येतो.

आणि एक नियम केला. सुरुवातीच्या सेटअपची स्क्रिप्ट टीममध्ये जो सगळ्यात नवा असेल त्याच्या ताब्यात. जुन्या माणसाला ती कुठे अडते हे दिसतच नाही, त्याच्या मशीनवर सगळं आधीच बसलेलं असतं. सध्या ती वाणगावकडे आहे. सीनियरने परवा त्यात एक बदल पाठवला, तो तिने परत केला: "सर, याने पुन्हा १८० एमबी वाढतात." त्याचा रिप्लाय फक्त एक हसरा चेहरा :)

राहिलाय तो वजनकाटा. तो सिरियल पोर्टवर बोलतो, आणि विंडोजवरच्या कंटेनरला तो पोर्ट सरळ दिसत नाही. सध्या काट्याचं सोंग घेणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे, ती आकडे फेकते. पण खरा काटा ड्रम ठेवल्यावर दोन-तीन सेकंद डुलत राहतो, आमचं सोंग अजिबात डुलत नाही. पुढच्या शनिवारी काकांनी प्लँटमध्ये बोलावलंय, काट्याचे खरे आकडे तासभर उतरवून घ्यायला. ती येतेय, वही घेऊन. मला सेफ्टी शूज शोधायला हवेत.