शिंपल्यांचें तोरण

दापोलीजवळच्या मुरूडच्या पुळणीवरून आणलेले शिंपले ओवून, वाऱ्यानें किणकिणणारें तोरण करावें ही कल्पना माझ्या कन्येची. भोकें पाडण्याचें काम अर्थातच माझें! खिळा नि हातोडी घेऊन मीं सात शिंपल्यांचा चुरा केला, तेव्हां तिनें पिशवी उपडी करून आधींच भोंक असलेले शिंपले निवडून काढले. आणि काय तीं भोकें! मोतीं विंधणाऱ्या सराईत कारागिरानें पाडावीं तशीं वाटोळीं. बाहेर रुंद, आंत निमुळतीं.

“बाबा, हीं आपल्यासाठींच कुणीं पाडलीं?”

नको तेव्हां ज्ञान पाजळण्याची बापांना खोडच असते. मीं सांगून टाकलें—वाळूंत राहणारी एक मांसाहारी समुद्रगोगलगाय जिवंत शिंपल्याला कवटाळते, आम्लानें कवच मऊ करते, दातेरी जिभेनें तासन् तास खरवडून भोंक पाडते आणि त्यांतून आंतला जीव खाते.

ती बराच वेळ गप्प होती. तोरण मात्र तिनें पुरें केलें, आणि आपल्या खिडकीऐवजीं माझ्या लिहिण्याच्या मेजाजवळच्या खिडकींत टांगलें. आतां वारा सुटला कीं माझी लेखणी थांबते.