फावला वेळ

मी बंगळुरूला सॉफ्टवेअर लिहितो. खिडक्या, बटणं, याद्या असलेले डेस्कटॉपवरचे प्रोग्राम. असा प्रोग्राम बहुतेक वेळ वाट पाहत बसलेला असतो. माउस हलला, कळ दाबली की एक निरोप रांगेत येतो. प्रोग्राम तो उचलतो, हवं ते करतो आणि पुन्हा बसतो. रांग रिकामी झाली की त्याला आम्ही 'आयडल' म्हणतो. मराठीत त्यासाठी जुना शब्द आहे : फावला वेळ.

या वेळात मागे पडलेली कामं उरकता येतात. कागदपत्रांची शब्दसूची बांधणं, फोटोंच्या छोट्या प्रती करणं. अट एकच : काम थोडं थोडं करायचं. एक तुकडा झाला की रांगेकडे बघायचं; कुणी हाक मारली असेल तर हातातलं ठेवून उठायचं. सगळं एका दमात करायला घेतलं तर खिडकी गोठते.

जीटीकेमध्ये हा मानाचा क्रम आकड्यांत लिहिलेला आहे. आकडा जितका लहान, तितका मान मोठा. माउस आणि कळफलकाला ०, खिडकी पुन्हा रेखाटण्याला १२०, फावल्या वेळातल्या कामाला २००. वेगळं काही सांगितलं नाही तर हा २०० आपोआप लागतो. रांग सतत भरलेली राहिली तर त्याची पाळी येतच नाही. कुठे बिघाड दिसत नाही, काम तेवढं राहून जातं.

माझ्या आईला तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवायच्या होत्या. फावल्या वेळात. त्या वेळात तांदूळ निवडून व्हायचे, वाती वळून व्हायच्या, कारण ती कामं मध्येच टाकून उठता येतं. ओवी अशी टाकता येत नाही. परत येईपर्यंत पुढची ओळ निसटते. कुकरची शिट्टी व्हायची, दार वाजायचं, आम्ही हाका मारायचो. ४० वर्षांत ११ पानं भरली. त्या वहीला २०० हा आकडा घरात कुणी ठरवून दिला नव्हता.

जे काम व्हायलाच हवं, ते आम्ही प्रोग्राममध्ये फावल्या वेळावर सोडत नाही. त्याला टायमर लावतो. टायमरचा आकडा ० असतो. हल्ली रोज रात्री नऊला मी आईला फोन लावतो. ती सांगते, मी उतरवून घेतो. परवा मध्येच शिट्टी ऐकू आली. मी थांबलो.

"वाजू दे रे," ती म्हणाली, "तुझे बाबा बघतील. तू लिही."