भडल्याची काच आणि थारची धूळ

दोस्तांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी महाबळेश्वरला जातं, कुणी मामाच्या गावाला. आज आपण मात्र नेमकं उलट करू या. जिथे ऊन भाजून काढतं, तिथेच जाऊ. डोक्याला पंचा गुंडाळा, पाण्याची बाटली घ्या आणि चला राजस्थानात!

जोधपूरहून वायव्येकडे निघालं की तीन तासांच्या आत फलोदी लागतं. 19 मे 2016 रोजी याच फलोदीत पारा 51 अंशांवर गेला होता. भारतातला तो विक्रम! इथून आणखी पुढे, रेताड रस्त्याने भडला गाव येतं. वाटेत खेजडीची झाडं दिसतात. खेजडी म्हणजे आपली शमीच बरं का, दसऱ्याच्या गोष्टीतली. मधूनच बकऱ्यांचे कळप, एखादा उंट. आणि मग एकाएकी वाळू संपते आणि निळी-काळी काच सुरू होते. नजर पोचेल तिथपर्यंत काचच काच!

हे भडला सौर उद्यान. 'उद्यान' म्हटलं म्हणून झोपाळा-घसरगुंडी शोधू नका. सुमारे 14 हजार एकरांवर इथे सौर पॅनेलं मांडली आहेत आणि त्यांची एकूण ताकद 2245 मेगावॅट आहे. एक पॅनेल 300 वॅटचं धरा आणि भागाकार करून बघा. उत्तर 75 लाखांच्या आसपास येतं की नाही?

आता तुम्ही म्हणाल, पॅनेलला काय, एकदा बसवलं की झालं! ना त्यात चाक, ना इंजिन, ना तेलपाणी. चांगलं पॅनेल पंचवीस वर्षं चालतं, हेही खरंच आहे. दरवर्षी त्याची ताकद शंभरात अर्धा भाग किंवा त्याच्या आसपास कमी होते, एवढंच. पण हे केव्हा? नीट निगा राखली तर. आणि भडल्यात निगा राखायची म्हणजे थारच्या वाळवंटाशी रोजचा सामना.

एप्रिल-मे महिन्यांत इथे आंधी येते. आकाश पिवळं पडतं, समोरचा माणूस दिसेनासा होतो. वादळ गेल्यावर प्रत्येक काचेवर पिठासारख्या बारीक धुळीचा थर बसलेला असतो. पहाटे थोडं दव पडलं की त्याच धुळीचा चिखल होतो आणि दिवसा उन्हाने तो काचेला पक्का चिकटतो. घरातली खिडकी मळली तर आपण नाक मुरडतो आणि विसरून जातो. इथे काच मळली की वीज घटते.

धूळ सगळीकडे सारखी बसली तर एक वेळ परवडतं. त्याहून वाईट काय, माहीत आहे? कबुतराची विष्ठा! हसू नका. पॅनेलमध्ये साठ-बहात्तर छोटे घट एकापुढे एक जोडलेले असतात आणि वीज त्या सगळ्यांतून वाहते. पाण्याच्या नळीवर एका जागी पाय दिला की पुढचं पाणी अडतं ना, तसंच एक घट झाकला गेला की पूर्ण साखळीचा प्रवाह अडतो. वर तो झाकलेला घट वीज करायचं सोडून स्वतःच तापायला लागतो. फार तापला तर तिथलं पॅनेल करपतं, कधी काच तडकते. म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड बसवलेले असतात. ते विजेला आडवाटेने पुढे काढून देतात. अशी तापलेली जागा डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायला उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेलं ड्रोन रांगांवरून फिरवतात.

एक गंमत आणखी. पॅनेलला ऊन हवं, पण उष्णता नको! त्याची ताकद मोजतात ती 25 अंश तापमानाला. त्यावर दर अंशाला शंभरात साधारण 0.4 भाग घटतो. म्हणजे पॅनेल 65 अंशांपर्यंत तापलं तर 16 भाग गेलेच. म्हणून पॅनेलं खाली वारा खेळेल अशी उंच बसवतात.

मग धुवा की पॅनेलं! सोपं आहे? पुन्हा गणित करा. एका पॅनेलला दोन लिटर पाणी धरलं तरी 75 लाख पॅनेलांच्या एका धुण्याला दीड कोटी लिटर लागतं. आणि हे कुठे? जिथे पावसाचा थेंब न् थेंब जमिनीखालच्या 'टांक्यात' साठवून ठेवायची पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे, तिथे. दूर पंजाबात सतलज आणि बियास जिथे मिळतात त्या हरिकेहून निघालेला इंदिरा गांधी कालवा या वाळवंटाची तहान भागवतो. ते पाणी माणसांना द्यायचं, बकऱ्यांना की काचेला? शिवाय कसलंही पाणी चालत नाहीच. क्षारांचं पाणी वाळलं की काचेवर पांढरे डाग राहतात, आपल्या सोलर बंबाच्या नळ्यांत साचतात तसे.

यावर तोडगा निघाला तो यंत्रमानवाचा. रांगेच्या रुंदीएवढा लांब, मऊ ब्रश. संध्याकाळी वीज बनायची थांबली की तो दव पडायच्या आत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकतो आणि धूळ कोरडीच झाडून टाकतो. पाणी शून्य! त्याला लागणारी वीज त्याच्याच छोट्या पॅनेलने दिवसा बॅटरीत भरून ठेवलेली असते. मला तर हा गडी फार आवडतो. मंगळावर उतरलेल्या 'इनसाइट' यानाकडे असा झाडूवाला नव्हता. धूळ साचत गेली आणि डिसेंबर 2022 मध्ये ते कायमचं गप्प झालं.

पण सगळंच गोड आहे असं समजू नका. सरकारी कागदांत 'पडीक' लिहिलेली इथली जमीन धनगरांच्या लेखी कुरण होती. त्यावर कुंपण आलं. ब्रश फिरवायला यंत्र आलं, म्हणजे बादली-फडक्याचं काम करणाऱ्या माणसाची रोजीही घटली. सौर प्रकल्पांसाठी खेजडी तोडू नका म्हणून अलीकडच्या वर्षांत पश्चिम राजस्थानात लोकांनी आंदोलनं केली आहेत. धूर न काढणारी वीज हवी, ती मलाही हवी. पण या लोकांची तक्रार मला खोटी वाटत नाही.

तुमच्या गच्चीवर पॅनेल असेल तर? आई-बाबांना एवढं सांगा : धुवायचं ते सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, कारण तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. कपडे धुण्याची पावडर नको, घासणी तर मुळीच नको. मऊ फडकं आणि साधं गोडं पाणी पुरतं. शेजारच्या नारळाची झावळी वाढून सावली पडत नाही ना, तारा उंदराने कुरतडल्या नाहीत ना, हेही मोठ्या माणसांनी बघायचं. तुम्ही मात्र वर चढू नका आणि तारांना हात लावू नका. घरातलं बटण बंद केलं तरी ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असतेच.

भडल्याच्या कुंपणाआत परवानगीशिवाय सोडत नाहीत. पण फलोदीजवळचं खीचन गाव सगळ्यांना खुलं आहे. तिथे हिवाळ्यात हिमालय ओलांडून हजारो करकोचे येतात. गावकरी त्यांना 'कुरजां' म्हणतात आणि रोज दाणे टाकतात. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत केव्हाही जा. त्यानंतर पाहुणे परत उडून जातात, आंध्या सुरू होतात आणि पलीकडे भडल्यात ब्रशवाल्या गड्यांना एका रात्रीचीही सुट्टी मिळत नाही.